‘शासनाच्या आदेशानुसार बंद’ : पूर्व भागातल्या एका किराणा दुकानाच्या पाट्या

या प्रकरणातलं दुकान सोलापुरात नेमकं कुठे, ते शोधायला जाऊ नये. कोरोनाच्या टाळेबंदीत शहराच्या पूर्व भागातल्या किराणा दुकानांवर जे पुन्हा पुन्हा दिसलं ते एका छताखाली आणून हे प्रकरण बांधलं आहे. दुकान, खाती आणि पाट्यांचा मजकूर नमुन्याचा. सरकारी आदेश, तारखा आणि सणवार खरे. दुकान बंद ठेवायचं तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, कुठे सांगायचं आणि किती, एवढाच प्रश्न आहे. मार्च २०२० ते जून २०२१ या काळात या दुकानाने निरनिराळ्या सहा-सात कारणांनी शटर ओढलं. पाटी मात्र बहुतेक वेळी जवळपास तीच लावली. सगळा घोळ त्यातून झाला.

दुकान आणि वही

दहा बाय चौदाचा गाळा, वर राहतं घर. शेजारी मालकाचाच अर्धा गाळा, त्यात वह्या-पेनं, टिकल्या, बांगड्या, शिवणाची रिळं. म्हणजे दोन शटर, एक मालक. गल्ल्यावर आलटून पालटून मालक अण्णा आणि घरातल्या अक्का, हाताखाली अक्कलकोट तालुक्यातल्या गावाहून रोज येणारा एक पोऱ्या. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका. बोली तेलुगू आधी, मग मराठी, कानडी, दखनी.

या गल्लीत पगार आठवड्याचा. त्यामुळे उचापतही आठवड्याची: सोमवारपासून वहीवर माल न्यायचा, पगार झाला की बाकी चुकती करायची, थोडी राहिली तर पुढे ओढायची. वहीत सव्वाशेच्या आसपास खाती. माग थांबला, विडीचा कारखाना पान-तंबाखू द्यायचा थांबला की त्याच आठवड्यात वही अडते. शटर बंद दिसल्यावर गिऱ्हाइकाला सगळ्यात मोठा धसका कसला बसतो? जुळे सोलापुरातल्या सोसायटीत साखर दुसरीकडून आणता येते. इथे साखरेसोबत उधारही बंद होते, आणि दुसऱ्या दुकानदाराकडे आपलं खातं नसतं. अशा ठिकाणची पाटी सर्वांत आधी उधारीच्या प्रश्नाला उत्तर देणारी हवी. बहुतेक पाट्यांवर त्याचा शब्दही नव्हता.

पहिला कागद

२२ मार्च २०२० ला जनता संचारबंदी, २३ ला राज्यात संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद, २४ च्या रात्री देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर. २५ तारखेला पाडवा. पूर्व भागात तोच उगादीचा सण, म्हणजे गूळ, चिंच, कैरीची खरेदी आधीच चाललेली. त्यात टीव्हीवरची घोषणा. त्या रात्री दुकानासमोर जी गर्दी झाली तिने तेलाचे डबे, साखरेचं पोतं, तूरडाळ, रवा सगळं साफ केलं. सकाळी शटरवर वहीचं पान चिकटलं होतं:

‘शासनाच्या आदेशानुसार दुकान पुढील आदेशापर्यंत बंद राहील. ग्राहकांनी सहकार्य करावे.’

हे खरं नव्हतं. केंद्राच्या २४ मार्चच्या आदेशात किराणा, रेशन, दूध, भाजीपाला, मटण-मासे आणि जनावरांचा चारा विकणाऱ्या दुकानांना सूट होती. समोरच्या बाजूचं किराणा दुकान उघडं होतं. गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना बघणारच. त्याने पहिला निष्कर्ष काढला तो असा: माल आत आहे, भाव चढले की काढतील. एकदा हे गल्लीत पसरलं की दुकानदाराने नंतर कितीही खरं सांगितलं तरी ते सारवासारव वाटतं.

खरी कारणं चार होती. माल संपला होता. मार्केट यार्डातून आणायला टेम्पो मिळत नव्हता. पोऱ्या गावी अडकला होता. आणि अण्णांना मधुमेह असल्याने अक्कांनी त्यांना गर्दीत बसू द्यायला नकार दिला होता. यातलं एकही लाजिरवाणं नाही. तरी एकही लिहिलं गेलं नाही, आणि त्यामागे दुकानदारीचा एक जुना हिशेब आहे. ‘माल संपला’ असं लिहिलं तर घाऊक व्यापाऱ्याच्या कानावर जाईल की याची पत आटली. ‘माणूस नाही’ लिहिलं तर दुकान चालत नाही असा अर्थ निघेल. सरकारी आदेश हा त्या मानाने सोयीचा आडोसा. त्याला कुणी विचारत नाही. फक्त त्या आडोशाची किंमत इथे अफवेत मोजावी लागली.

त्या दिवशी लावायला हवी होती ती पाटी साधारण अशी:

किराणा दुकान बंद. माल संपला आहे.
माल आणायला शनिवारी २८ ला जाणार.
रविवारी २९ ला सकाळी ८ वाजता इथेच नवीन पाटी लावू, माल आला तरी आणि नाही आला तरी.
वहीची बाकी आत्ता कुणी देऊ नये. दुकान उघडल्यावर बघू. खाती चालू राहतील.
अडचण असेल तर फोन : दुकानाचा नंबर

यातली तिसरी ओळ सर्वांत कामाची. टाळेबंदीत दुकान कधी उघडेल हे दुकानदाराच्या हातात नव्हतं. माल, पास, पोलीस, आजार, सगळं दुसऱ्यावर अवलंबून. तारीख दिली आणि पाळता आली नाही तर खोटं पडायचं, म्हणून सगळे ‘पुढील आदेशापर्यंत’ लिहीत. पण पुढची पाटी कधी लागेल ती तारीख मात्र पूर्णपणे दुकानदाराच्या हातात असते. ती देता येते आणि पाळताही येते. त्या ओळीने गिऱ्हाइकाचा रोजचा हेलपाटा वाचतो आणि दुकानदाराचा फोनही कमी वाजतो. अट एकच: सांगितल्या वेळी पाटी बदललीच पाहिजे, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी. ‘अजून माल नाही, पुढची पाटी बुधवारी’ एवढं लिहिलं तरी पुरे.

कागद टिकत का नाही

ही बाब किरकोळ वाटते, पण अर्ध्या पाट्या इथेच फसल्या. शटरवर चिकटवलेला कागद शटर वर गेलं की गुंडाळीत जातो आणि दोनदा उघडझाप झाली की फाटतो. शिवाय शटर अर्धं वर असताना तो दिसतच नाही, आणि नेमक्या त्याच वेळी लोक विचारत असतात. पाटी शटरच्या बाजूच्या खांबावर किंवा भिंतीवर हवी, साधारण साडेचार-पाच फुटांवर. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन चाळिशीच्या वरचं. तापलेल्या पत्र्यावर सेलोटेप सुटते आणि साध्या स्केचपेनची शाई उडून जाते. मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ भिंतीवर जास्त टिकते. लिहायला काळा पर्मनंट मार्कर. जूनपासून वरून पारदर्शक प्लास्टिक लावून चारही कडा बंद करायच्या, नाहीतर पहिल्या पावसात मजकूर खाली वाहतो.

कार्डशीट आणायला जावं तर स्टेशनरीची दुकानं बंद. या दुकानाकडे घरचीच स्टेशनरी होती, पण साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू यावर तितकंच चांगलं काम होतं. सर्वांत सोयीचा मात्र खडूचा फळा. रोज बदलता येतो, आणि कालचा मजकूर उरत नाही.

अक्षराचा आकार रस्त्याच्या रुंदीवरून ठरतो. टाळेबंदीत माणूस जवळ येऊन वाचत नाही. गल्लीच्या पलीकडून, वीसेक फुटांवरून डोकावतो आणि निघून जातो. तेवढ्यावरून वाचता यायला अक्षर दीड-दोन इंचांचं हवं. ए-फोर कागदावर त्या आकाराच्या फार तर तीन-चार ओळी बसतात, त्याही तोकड्या. म्हणून वरची एकच ओळ मोठी ठेवायची: ‘बंद. पुढची पाटी रवि. २९’. बाकीचं लहान, ज्याला हवं तो जवळ येईल. तारखा आणि वेळा मोबाइलवर दिसतात त्या इंग्रजी आकड्यांत लिहाव्यात. या गल्लीत मराठी वाचता न येणारी माणसं पुष्कळ आहेत, मराठी आकड्यांवर अडखळणारीही. मोबाइलचे आकडे सगळ्यांना येतात. चार भाषांत चार पाट्या लावायची हौस करू नये. एका पाटीचा मजकूर बदलायचा राहतो आणि मग दोन भाषांत दोन वेगळ्या तारखा लटकत राहतात. मराठीत एक पाटी, आणि तेच तेलुगूत बोलून तीस सेकंदांचा आवाज गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो पोचतो.

दुकान पत्र्याबाहेर, गिऱ्हाईक आत

१२ एप्रिलला शहरात पहिला रुग्ण आढळला, तो पाच्छा पेठ परिसरातला. त्यानंतर पूर्व भागातल्या गल्ल्या एकामागून एक प्रतिबंधित होत गेल्या. बांबू लागले, पत्रे लागले. प्रकरणातलं दुकान गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या बाहेर राहिलं. दोन-तृतीयांश खाती आत. दुकान उघडायला मनाई नव्हती, पण ज्यांच्यासाठी उघडायचं तेच बाहेर येऊ शकत नव्हते. अण्णांनी शटर ओढलं आणि पुन्हा तीच ‘आदेशानुसार’ची पाटी लावली.

इथे दोन गोष्टी झाल्या. पाटी रस्त्याकडे तोंड करून होती. तिची गरज असलेली माणसं पत्र्यामागे, त्यांना ती दिसलीच नाही. आणि बाहेरून जाणाऱ्यांनी सील झालेल्या गल्लीला लागून बंद शटर बघितलं व आपल्या मनाने कारण लावलं: ‘यांच्यातच सापडला.’ घरात कुणीही आजारी नव्हतं. पण त्या आठवड्यात पेठेत बंद शटरचा तो एकच अर्थ लावला जात होता, आणि ‘आदेशानुसार’ या शब्दाने त्याला दुजोराच मिळाला. गल्लीसुद्धा आदेशानुसारच बंद झालेली होती.

ज्याला अफवा थांबवायची आहे त्याने ‘आमच्या घरी कुणी पॉझिटिव्ह नाही’ अशी पाटी लावू नये. काही दुकानांनी लावल्या. त्याने शेजाऱ्याकडे बोट जातं, आणि उद्या घरात कुणी खरंच आजारी पडलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्याऐवजी दुकान काय करतंय ते लिहावं. ‘दुकान समोरून बंद. गल्लीतल्यांचा माल रोज ४ ते ५ पत्र्यापाशी मिळेल. यादी सकाळी ११ पर्यंत फोनवर.’ चालू दुकानाविषयी अफवा पसरवणं अवघड असतं.

ही व्यवस्था बसवायला चार-पाच दिवस लागतात, आणि फसते ती यादीत. ‘तेल १, साखर २, मसाला द्या नेहमीचा’ असा निरोप आला की तेल लिटर की पिशवी, साखर किलो की पाव, मसाला कुठला, हे विचारायला प्रत्येक घरी उलटा फोन. गल्ल्यावर समोरासमोर असताना हे प्रश्न पडत नाहीत, कारण अक्कांना प्रत्येकीचं ‘नेहमीचं’ पाठ असतं. पुड्या बांधायला मदतीला आलेल्या भाच्याला ते ठाऊक नसतं. तोडगा असा: पंचवीसेक वस्तूंची क्रमांक दिलेली ठरावीक यादी, प्रत्येकीचं एकच माप. १ म्हणजे शेंगतेल १ लिटर, २ म्हणजे साखर १ किलो, ३ म्हणजे तूरडाळ अर्धा किलो, ४ म्हणजे ज्वारी ५ किलो. यादीचा फोटो एकदा गटावर टाकायचा, एक प्रत पत्र्याच्या आतल्या बाजूला लावायची. मग निरोप ‘१ एक, २ दोन, ४ एक’ इतकाच. यादीबाहेरची वस्तू पहिल्या आठवड्यात घ्यायचीच नाही, नाहीतर यादी मोडते.

पिशवीवर नाव लिहू नये, खात्याचा क्रमांक लिहावा. एका गल्लीत एकाच आडनावाची पाच घरं असतात, आणि कुणी काय किती नेलं हे पत्र्यापाशी उभ्या सगळ्यांनी वाचायचं कारण नाही. बिलाची चिठ्ठी पिशवीत, दुसरी प्रत वहीत. यूपीआयवर पैसे देणारे थोडे, बाकीच्यांचं वहीवर. मोफत तांदूळ रेशनवर मिळू लागल्यावर (पंतप्रधान गरीब कल्याण योजनेत माणशी ५ किलो) या यादीतला तांदूळ जवळजवळ थांबला आणि तेल, मीठ, तिखट, चहापत्ती वाढली. हे आधी ओळखलं असतं तर तांदळाची दोन पोती पडून राहिली नसती.

अर्धवट वाचलेला आदेश

२४ एप्रिलच्या रात्री केंद्राच्या गृह मंत्रालयाचा सुधारित आदेश आला. महापालिका हद्दीत स्वतंत्र उभी असलेली दुकानं, वस्तीतली दुकानं आणि निवासी संकुलातली दुकानं निम्म्या माणसांवर, मुखपट्टी आणि अंतर पाळून उघडता येतील. बाजारपेठा आणि मॉल नाहीत. प्रतिबंधित क्षेत्रात यातलं काहीच नाही. सकाळपर्यंत मोबाइलवर त्याचं ‘उद्यापासून सगळी दुकानं सुरू’ झालं होतं. अण्णांनी शेजारच्या अर्ध्या गाळ्याचं, कटलरीचं शटर उघडलं, दोन तासांत बंद करावं लागलं.

बातमीवर पाटी लावू नये, हा यातला धडा जुनाच. आदेश वाचताना चारच गोष्टी पाहाव्यात: सही कुणाची, तारीख कोणती, कुठल्या हद्दीला लागू, आणि कधीपर्यंत. केंद्राने सूट दिली तरी राज्य आणि महापालिका ती आवळू शकत होते. सैल करू शकत नव्हते. म्हणजे शहरातल्या दुकानदाराने वाचायचा तो शेवटी महापालिका आयुक्तांचा आदेश. पाटीवरही ‘शासनाचा आदेश’ असं मोघम न लिहिता ‘मनपा आयुक्तांचा अमुक तारखेचा आदेश, अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलं की गिऱ्हाईक वाद घालत नाही, आणि विचारायला आलेल्या पोलिसालाही कागद दाखवता येतो. आदेशाची छापील प्रत गल्ल्यात ठेवावी. मोबाइलवर शोधेपर्यंत समोरच्याचा संयम संपतो.

सम-विषम

जूनमध्ये टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याचं राज्याचं ‘मिशन बिगीन अगेन’ सुरू झालं. ५ जूनपासून बाजारातली दुकानं रस्त्याच्या एका बाजूची विषम तारखेला, दुसऱ्या बाजूची सम तारखेला, ९ ते ५. किराणा आधीपासून चालू होताच. त्यामुळे एकाच मालकाचं एक शटर रोज उघडं आणि दुसरं एक दिवसाआड. टिकल्या घ्यायला आलेली बाई किराणा उघडा बघून आत येते आणि ‘आज नाही’ ऐकून चिडते. तिच्या लेखी दुकान एकच.

‘सम-विषम’ ही भाषा पाटीवर चालत नाही. तारखाच लिहाव्यात, पुढच्या आठवड्याच्या सगळ्या. शिवाय ‘एक दिवसाआड’ लिहिलं की महिनाअखेरीला फसगत: ३१ जुलै विषम, १ ऑगस्टही विषम. सलग दोन दिवस एकच बाजू उघडी, समोरची दोन दिवस बंद. कपड्यांच्या दुकानांत कपडे बदलून देणं आणि घालून बघणं याला मनाई होती, तेही विक्रीआधीच दिसायला हवं. नाहीतर बिल झाल्यावर भांडण, आणि ते नेमकं अंतर सोडून, काउंटरवर वाकून.

दहा दिवस, आणि त्यात श्रावण

१६ ते २६ जुलैची शहर टाळेबंदी हा या प्रकरणातला एकमेव प्रसंग जिथे पाटी चांगली लागली. कारण उघड आहे: काही दिवस आधी जाहीर झाली, शेवटची तारीख ठरलेली होती, आणि अण्णांनी दहाही दिवस बंदच धरून तयारी केली. पाटी चार दिवस आधी लागली. तिच्यात बंदच्या तारखांखाली आणखी दोन ओळी होत्या: ‘श्रावण मंगळवार २१ पासून. नागपंचमी शनिवार २५. उपासाचा माल आणि लाह्या आत्ताच न्या.’

या दोन ओळींनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. नुसतं ‘दहा दिवस बंद’ वाचलं की माणूस घाबरून सगळंच दुप्पट नेतो, आणि दुकानातलं तेल-साखर पहिल्या चाळीस घरांत संपतं. काय लागणार आहे ते सांगितलं की खरेदीला दिशा मिळते. साबुदाणा, भगर, शेंगदाणे यांचा माल अण्णांनी आधी भरून ठेवला होता. मागणी तिकडे वळली आणि तेल सगळ्यांना पुरलं. (२० जुलैची आषाढी अमावस्याही त्याच दहा दिवसांत आली होती. तिच्याबद्दल किराणा दुकानाच्या पाटीवर काही लिहिण्याची सोय नसते, पण चौकशी बरीच झाली.) उचापतीला त्या चार दिवसांत आठवड्याऐवजी दोन आठवड्यांची मर्यादा दिली. हे मात्र पाटीवर न लिहिता ज्याला त्याला सांगितलं, आणि ते योग्यच. उधारीची मर्यादा भिंतीवर लिहिली की ज्याला ती द्यायची नाही त्यालाही नाही म्हणता येत नाही.

घरात आजार

सर्वांत अवघड पाटी हीच. पावसाळ्यात अक्कांची तपासणी पॉझिटिव्ह आली. लक्षणं सौम्य, घरातच विलगीकरण. अण्णांनी लिहिलं: ‘घरगुती कारणास्तव दुकान १४ दिवस बंद.’

‘घरगुती कारण’ म्हणजे लग्न किंवा मयत, आणि त्या काळात लग्नं दणक्यात होत नव्हती. लोकांनी मयतच धरली. दोन घरून विचारपूस करायला माणसं आली, म्हणजे जे टाळायचं तेच घडलं. उलट ज्यांना खरोखर कळायला हवं होतं, म्हणजे आधीच्या आठवड्यात अक्कांच्या हातून माल नेलेले लोक, त्यांना काहीच कळलं नाही.

आजार कुणाला, त्याचं वय काय, कुठे ठेवलंय, हे गिऱ्हाइकाचं देणं लागत नाही. घरात आजार आहे, कुणी येऊ नये, आणि कोणत्या तारखेपर्यंत दुकानात घरच्या माणसांनी माल दिला, एवढं देणं लागतं. ‘घरात कोरोनाचा आजार आहे. भेटायला येऊ नये, फोन करावा. ८ तारखेपर्यंत दुकानात आलेल्यांनी ताप-खोकला असेल तर तपासून घ्यावं. पुढची पाटी २० ला.’ असं लिहिणाऱ्याचं दुकान मोडतं ही भीती त्या वेळी खरी होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण लपवून उघडकीस आलेल्याचं जास्त मोडलं.

आणि ते ‘१४ दिवस’. जुलै २०२० च्या केंद्राच्या सूचनांनुसार सौम्य रुग्णाचं घरातलं विलगीकरण लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवसांनी, शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर, संपायचं. त्यानंतरही आणखी ७ दिवस घरातच. सहवासातल्या माणसाचे १४ दिवस मोजायचे ते शेवटच्या संपर्कापासून. दोन खोल्यांच्या घरात, एका संडासात, शेवटचा संपर्क रोज पुढे सरकतो. अहवालाच्या तारखेत १४ मिळवून लिहिलेली तारीख म्हणूनच चुकली, आणि पंधराव्या दिवशी शटरसमोर पिशव्या घेऊन आलेल्यांना परत जावं लागलं.

सकाळी ७ ते ११

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत, २० एप्रिलच्या राज्याच्या आदेशाने किराणा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ अशी केली. घरपोच मालाला ७ ते रात्री ८. इथे दुकान बंद नव्हतं, वीस तास बंद होतं. पाटीवर ‘७ ते ११’ लिहिलं की शेवटचं गिऱ्हाईक १० वाजून ५५ मिनिटांनी पंधरा वस्तूंची यादी घेऊन येतं. मग शटर अर्धं खाली, आत चार माणसं, बाहेर पोलिसांची गाडी. दंड झाला तर तो याच अर्ध्या शटरमुळे. पाटीवर ‘यादी १०.१५ पर्यंत, तयार पुड्या ११ पर्यंत’ असं लिहिणारी दुकानं वेळेत मिटत. सुट्या मालाच्या पाव-अर्धा-एक किलोच्या पुड्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवल्या की एका गिऱ्हाइकाला लागणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. घरपोचची सूट मात्र या दुकानाने वापरलीच नाही. ११ नंतर बाहेर पडणं बंद असा अण्णांचा समज होता. आदेशाचं दुसरं पान वाचलेलं नव्हतं.

अर्धा गाळा

कटलरी-स्टेशनरीचं शटर २०२१ च्या जूननंतर उघडलंच नाही. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, २०२०-२१ चं वर्षभर पहिली ते चौथीचे वर्ग भरले नाहीत. वह्या-पेनं कुणाला विकायची? निर्णय झाला तरी पाटी ‘आदेशानुसार बंद’ हीच राहिली, कारण ‘कायमचं बंद’ लिहिताना हात अडखळतो.

पण त्या शटरवर बायकांची दिवाळीची भिशी चालत होती: महिन्याला ठरलेला हप्ता, दिवाळीला तेवढ्याचा माल. शटर उघडत नाही आणि पाटी भिशीबद्दल काही बोलत नाही, म्हटल्यावर पैसे बुडाले अशी कुजबुज सुरू झाली आणि ती किराणा दुकानाच्या वहीपर्यंत पोचली. काही जणींनी उचापतीची बाकी भिशीत वळती करून घ्या म्हणून देणंच थांबवलं. हिशेब दोन वेगळ्या वह्यांत, त्यामुळे मिळवणीला महिना गेला. कायमचं बंद करताना पाटी लावण्याआधी भिशीच्या प्रत्येक कार्डावर जमा रक्कम लिहून सही द्यावी, परत घ्यायचे दोन दिवस ठरवावेत, रोख नको असेल तर किराण्यातून तेवढा माल घेण्याची मुभा ठेवावी, आणि मगच लिहावं: ‘हा गाळा कायमचा बंद. भिशीचे पैसे १० आणि ११ ला सकाळी ९ ते १२ किराणा दुकानात. कार्ड आणावं. कार्ड हरवलं असेल तरी यावं, नाव वहीत आहे.’